कोमट डब्याचा धोका

मुरबे हे बोईसरच्या नैऋत्येला, समुद्र आणि खाडीच्या काठावरचे मच्छीमारांचे गाव. खाडीच्या पलीकडे सातपाटी, तर पाठीशी तारापूरची औद्योगिक वसाहत. त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरातून पहाटे निघणारे डबे वेगवेगळ्या वाटांनी जातात. एक बोटीवर जातो, एक बोईसरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, एक मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईच्या पिशवीत आणि एक शाळेच्या दप्तरात. या सगळ्या डब्यांत एक गोष्ट सारखी असते. अन्न शिजते पहाटे चार-पाचला आणि खाल्ले जाते दुपारी बाराला, एकला, कधी दोनला. मधल्या सात-आठ तासांत त्या अन्नाचे काय होते, याचा विचार डबा विकत घेताना क्वचितच होतो. रंग, आकार, किंमत आणि झाकणाची घट्टाई पाहिली जाते. ‘गरम राहतो’ असे दुकानदार सांगतो आणि व्यवहार पूर्ण होतो.

प्रश्न इथेच आहे. डबा ‘गरम राहतो’ म्हणजे किती गरम आणि किती वेळ? कारण अन्नाच्या बाबतीत गरम आणि गार या दोन्ही अवस्था सुरक्षित आहेत. धोकादायक आहे ती या दोहोंमधली कोमट अवस्था. आणि बाजारातले बरेचसे स्वस्त ‘हॉट’ डबे नेमके तेच करतात. ते अन्न गरम ठेवत नाहीत, कोमट ठेवतात, तेही तासन्‌ तास.

पाच ते साठ अंश

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी जी पाच सूत्रे सांगितली आहेत, त्यांतले एक तापमानाचे आहे. शिजवलेले अन्न खाईपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावे किंवा ५ अंशांच्या खाली. या दोहोंमधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. पालघरच्या किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने दुपारचे तापमान तिशीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे साध्या डब्यातले अन्न गार झाले असे आपण म्हणतो, तेव्हा ते जंतूंच्या दृष्टीने अजून उबदारच असते.

जंतूंची वाढ बेरजेने होत नाही, दुपटीने होते. दर वीस मिनिटांनी संख्या दुप्पट होते असे धरले, तर एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक जंतू होतात. पहाटे पाचला भरलेला डबा अकरा वाजेपर्यंत कोमट राहिला, तर हे गणित त्याला लागू पडते. वास बिघडत नाही, चव बदलत नाही, आणि तरीही तो डबा आजारी करू शकतो.

‘शिजवले म्हणजे सगळे जंतू मेले’ ही समजूतही तपासून पाहायला हवी. काही जंतू प्रतिकूल काळात स्वतःभोवती कवच करून बसतात. त्याला बीजाणू म्हणतात. भातात हमखास सापडणारा बॅसिलस सिरियस हा त्यातलाच. तांदूळ उकळला तरी बीजाणू टिकतात. भात कोमट झाला की ते उमलतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलटी घडवणारे विष इतके चिवट असते की १२१ अंशांनाही ते तासभर टिकते. म्हणून रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवायचा, सकाळी त्याला कांदा-मिरचीची फोडणी द्यायची आणि डब्यात भरायचा, ही घरोघरची सवय जपून वापरायला हवी. फोडणीने जंतू मरतील, विष जाणार नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. रात्रीचा भात वापरायचाच असेल, तर तो जेवण झाल्याबरोबर पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा.

मटण, चिकन आणि घट्ट रस्स्याच्या भाज्यांत दुसरा एक बीजाणू करणारा जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याला सर्वांत मानवणारे तापमान ४३ ते ४५ अंशांच्या आसपास आहे. तिथे तो दहा मिनिटांच्या आतबाहेर दुप्पट होतो. आता थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर असलेला स्वस्त डबा डोळ्यांसमोर आणा. पहाटे भरलेले मटण तासा-दोन तासांत ६० अंशांच्या खाली येते आणि मग फोममुळे ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत राहते. साधा स्टीलचा डबा निदान ही पायरी लवकर उतरून जातो. अर्धवट उष्णतारोधक डबा म्हणजे त्या जंतूसाठी उबवणीचे यंत्रच. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे, हा नियम इथे लागू होत नाही.

जुन्यांचा डबा वेगळा होता

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आजे-पणजे फडक्यात भाकरी बांधून समुद्रावर गेले, शेतावर गेले, त्यांना काही झाले नाही. आक्षेप बरोबर आहे, पण त्या फडक्यात काय होते ते पाहायला हवे. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची किंवा जवळ्याची चटणी, लोणचे, कांदा. या सगळ्यात पाणी कमी, मीठ जास्त किंवा आंबटपणा भरपूर. जंतूंना वाढायला ओलावा लागतो, तो तिथे नव्हता. फडक्यातून वाफही निघून जायची. ती शहाणी शिदोरी होती. आजचा डबा बदलला आहे. कुकरचा मऊ भात, वरण, अंड्याची करी, पनीर, पातळ रस्सा, पास्ता. हे ओले अन्न जुन्या पद्धतीने नेता येत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरणही इथे उपयोगी आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या व्यवस्थेत उष्णतारोधक डब्याला महत्त्व नव्हते. डबा सकाळी उशिरा घरून उचलायचा आणि जेवणाच्या सुट्टीत पोचवायचा, हे तिचे मर्म. अन्न शिजणे आणि खाणे यांतले अंतरच त्यांनी कमी केले. जंतूंवर मात करण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. बोईसरच्या कामगाराला ती सोय नाही. त्याचा डबा त्याच्याबरोबरच पहाटे निघतो. म्हणून त्याच्यासमोर दोनच पर्याय उरतात. ओले अन्न न्यायचे तर ते खरोखर गरम राहील अशा भांड्यातून न्यावे. तसे भांडे नसेल तर कोरडे, आंबट, खारट अन्न न्यावे. रोज नवीन काही करून घालण्यासाठी घरातल्या बाईने पहाटे तीनला उठावे, हा उपाय नव्हे.

भिंत, पोकळी आणि मान

खरोखर गरम ठेवणारे भांडे कोणते, हे कळायला त्याची रचना समजून घ्यावी लागते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी दुहेरी भिंतीचे भांडे तयार केले. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. हवाच नाही म्हटल्यावर तिच्यातून उष्णता वाहून जायचा मार्ग बंद झाला. भिंतीला आतून चकचकीत लेप दिला, त्यामुळे किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता परत फिरली. पुढे जर्मनीत १९०४ मध्ये याच तत्त्वावर घरगुती वापराची बाटली ‘थर्मास’ या नावाने बाजारात आली आणि ते नाव आपल्या भाषेतही रुळले. सरकारी दवाखान्यात पेशंटच्या खाटेशेजारी असणारा काचेच्या भांड्याचा थर्मास हा त्याचाच वंशज. काचेचा थर्मास उष्णता उत्तम राखतो, पण लोकलच्या गर्दीत, बोटीच्या हेलकाव्यात किंवा मुलांच्या हातात तो टिकत नाही. फुटला तर काचेचे बारीक तुकडे अन्नात येतात. रोजच्या प्रवासासाठी स्टीलचाच घ्यावा.

स्टील इथे दुहेरी उपयोगाचे आहे. ते फुटत नाही आणि धातूंमध्ये उष्णतेचे वाईट वाहक आहे. तांबे त्याच्यापेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक उष्णता वाहते. निर्वात भांड्यातून उष्णता निसटते ती मुख्यतः मानेतून आणि झाकणातून, कारण तिथे दोन्ही भिंती एकत्र येतात आणि तिथेच उघडझाप होते. यावरून खरेदीचे काही नियम आपोआप निघतात. तोंड जितके अरुंद तितकी उष्णता जास्त टिकते. रुंद तोंडाचा डबा खायला सोयीचा, पण त्याचे झाकण जाड आणि आतून पोकळ किंवा फोमने भरलेले हवे. लहान भांडे मोठ्यापेक्षा लवकर निवते. अर्धे भरलेले भांडे पूर्ण भरलेल्यापेक्षा लवकर निवते. म्हणून भूक पाहून आकार निवडावा. एक लिटरचा डबा घेऊन त्यात वाटीभर वरण नेण्यात अर्थ नाही.

‘डबल वॉल’ आणि ‘व्हॅक्यूम’ हे दोन शब्द सारखे नाहीत. दोन भिंतींमध्ये नुसती हवा किंवा फोम असला तरी त्याला डबल वॉल म्हणता येते. सात-आठ तासांचा प्रश्न असेल तर ‘व्हॅक्यूम इन्सुलेटेड’ असे स्पष्ट लिहिलेले भांडेच घ्यावे. ते खरे आहे की नाही, हे घरीच तपासता येते. उकळते पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून सगळीकडे हात फिरवा. मानेजवळ थोडे ऊन लागेल, ते चालते. पण पोट किंवा तळ गरम लागला तर पोकळीत हवा शिरली आहे, भांडे परत करा. दुसरी चाचणी सहा तासांची. भांडे आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या, मग ताजे उकळते पाणी काठोकाठ भरून बंद करा आणि सहा तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान मोजा. ते ६० अंशांच्या चांगलेच वर असायला हवे, कारण घट्ट अन्न पाण्याइतके तापलेले नसते आणि भरताना ते थोडे निवतेही. जेमतेम ६० दाखवणारे भांडे चहाला ठीक, आमटी-भाताला नाही.

मुरब्याच्या हवेत टिकणारे स्टील

समुद्रकाठच्या घरांना गंज काय असतो ते सांगावे लागत नाही. खारा वारा पत्र्यालाही सोडत नाही, डब्याला कसा सोडेल? स्टेनलेस स्टील गंजत नाही हे अर्धसत्य आहे. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाटलीच्या तळावर ‘१८/८’ लिहिलेले असते ते हेच. रोजच्या वापराला ते पुरेसे आहे. ३१६ प्रतीत थोडे मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मिठाचा मारा ते अधिक सोसते. खारी हवा, खारवलेली मासळी, कोकम-चिंचेचे कालवण हा रोजचा व्यवहार असेल आणि परवडत असेल, तर आतली भिंत ३१६ ची असलेली वस्तू घ्यायला हरकत नाही. २०१ प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते, पण मिठापुढे लवकर हार मानते आणि तांबूस ठिपके दिसू लागतात.

लोहचुंबक लावून स्टीलची पारख करायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती इथे फसते. २०१ आणि ३०४ दोन्ही जवळजवळ चुंबकाला चिकटत नाहीत, तर चांगल्या ३०४ चे भांडेही ठोकून-दाबून घडवताना किंचित चिकटू लागते. चुंबकापेक्षा छापील माहितीवर आणि चिन्हावर भर द्यावा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये उष्णतारोधक फ्लास्क, बाटल्या आणि डब्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. घरगुती स्टीलच्या व्हॅक्यूम फ्लास्कसाठी आयएस १७५२६ हे भारतीय मानक आहे. वस्तूवर आयएसआय चिन्ह, त्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळते. दुकानात उभे राहून एका मिनिटात होणारे हे काम आहे. ‘फूड ग्रेड’ एवढाच मोघम शिक्का या चिन्हाची जागा घेऊ शकत नाही.

तळाचीही पाहणी करावी. काही व्हॅक्यूम बाटल्यांत पोकळी बंद करण्यासाठी तळाशी शिसे असलेला छोटा थेंब वापरतात आणि त्यावर स्टीलची चकती बसवतात. एका मोठ्या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये तसे उघडपणे मान्यही केले. चकती शाबूत असेपर्यंत अन्नाशी त्याचा संबंध येत नाही. पण बाटली आपटून तळाची चकती निघाली, तर ती वापरातून काढावी, विशेषतः लहान मुलांच्या हातातून. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही.

आतले सगळे डबे स्टीलचेच हवेत. बाहेरून रुबाबदार आणि आत प्लास्टिकची वाटी, अशा डब्यात उकळते कालवण ओतू नये. आइस्क्रीमचे रिकामे डबे गरम अन्नासाठी बनवलेलेच नसतात. ॲल्युमिनियमच्या डब्यात कोकम, चिंच, टोमॅटो तासन्‌ तास ठेवू नये. आंबटाने धातू झिजतो आणि अन्नात उतरतो. तांब्याच्या बाटलीत साधे पाणी ठीक, पण लिंबू सरबत किंवा ताक भरले तर तांबे विरघळून मळमळ, उलट्या होऊ शकतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपाती किंवा भजी यांनाही आता निरोप द्यावा. छपाईची शाई खाण्यासाठी नसते.

भरण्याची रीत

चांगले भांडे घेतले तरी ते उष्णता निर्माण करत नाही, असलेली जपते. म्हणून भरण्याची रीत महत्त्वाची. अन्न भरण्याआधी पाच-दहा मिनिटे भांड्यात उकळते पाणी ठेवावे. पाणी ओतून लगेच, गॅसवरून उतरवलेले वाफाळते अन्न काठोकाठ भरावे. निवून मग भरले, की वाफेचे पाणी होत नाही म्हणून काही जण थांबतात. साध्या डब्याला ते ठीक, थर्मास डब्याला ते घातक. जेवायच्या वेळेपर्यंत झाकण उघडू नये. चपाती-भाकरी त्यात कोंबू नये, ती फडक्यात वेगळी न्यावी. दूध, दही, नारळाचे दूध आणि सोलकढी हे पदार्थ गरम-गार अशा दोन्ही टोकांना सांभाळणे कठीण. न्यायचेच तर फ्रिजमधून काढून, बर्फाच्या पाण्याने थंड केलेल्या भांड्यात न्यावेत.

तान्ह्या बाळाचे कोमट दूध थर्मासमध्ये भरून ठेवण्याची सवय पूर्णपणे सोडावी. कोमट दूध म्हणजे जंतूंची खाणावळ. पहिले सहा महिने आईचे दूधच द्यावे. डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितले असेल, तर थर्मासमधून उकळलेले गरम पाणी न्यावे, पावडर वेगळी न्यावी, आणि द्यायच्या वेळी मिसळून, पूर्ण निववून पाजावे.

चहाबद्दलही एक गोष्ट. चांगल्या थर्मासमधला चहा तासाभराने ओतला तरी जिभेला चटका देतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून अधिक गरम पेये पिण्याच्या सवयीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या गटात टाकले. दोष चहाचा नाही, तापमानाचा आहे. अन्ननलिकेला रोज भाजून घेणे बरे नव्हे. कपात ओतून चार-पाच मिनिटे थांबावे. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्यांनी तर हे जरूर पाळावे, आणि तंबाखूच सोडली तर अधिक उत्तम.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासात कोरडा थर्मास वापरायला हरकत नाही, पण कुपी थेट बर्फावर ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि ते दिसायला पुष्कळदा चांगल्यासारखेच असते.

रोज धुण्याचा मुद्दा फार साधा आणि फार दुर्लक्षित आहे. झाकणाची रबरी किंवा सिलिकॉनची कडी काढून वेगळी धुवावी. तिच्या खाली साठलेला रस्सा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला विरजण लावतो. ती निघत नसेल असा डबा घेऊच नये. तारेची घासणी आणि क्लोरीनचे ब्लीच आत वापरू नये. स्टीलवर ओरखडे व खड्डे पडतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. वास राहिला तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावे. रात्री झाकण उघडे ठेवून भांडे वाळवावे. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा फ्रीजरमध्ये ते ठेवू नये. सोडा वॉटर किंवा आंबत चाललेले ताक घट्ट बंद करू नये. आतला वायू झाकण तोंडावर उडवू शकतो.

बोटीवर आणि पाटीत

मुरबे-सातपाटीच्या अर्थव्यवस्थेचा अर्धा भाग हा थंड ठेवण्याच्या याच शास्त्रावर उभा आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात एक घटक असतो, ज्याचे मासळी गरम राहिल्यास जंतूंमुळे हिस्टामिन होते. ते एकदा तयार झाले की तळून, उकळून, खारवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, छातीत धडधडते. लोक त्याला मासळीची ॲलर्जी समजतात आणि पुढे आयुष्यभर मासे सोडतात. खरा दोष पुष्कळदा बर्फाच्या कमतरतेचा असतो. उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ, हे ढोबळ प्रमाण आहे. उघड्या पाटीत बर्फाचा चुरा दोन तास टिकत नाही. जाड भिंतीच्या, झाकणाच्या पेटीत तोच बर्फ दुपारपर्यंत पुरतो. बाजारात बसणाऱ्या बाईसाठी अशी पेटी ही चैन नाही, तिचा माल आणि गिऱ्हाइकाची तब्येत दोन्ही राखणारे अवजार आहे. मच्छीमार सहकारी संस्था जाळी-डिझेलचा विचार करतात, तसा या पेट्यांचाही करू शकतात.

वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका आणि भट्टी-बॉयलरजवळ काम करणारे कामगार यांच्यासाठी थंड पाण्याची बाटली हे औषधच आहे. गार पाणी हाताशी असले की माणूस ते पितो. तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी तो टाळतो. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे-थोडे पाणी पिणे हा उष्माघातापासूनचा पहिला बचाव आहे.

हिशेब आणि हक्क

चांगला व्हॅक्यूम डबा महाग वाटतो. हजार-बाराशे रुपये एकदम काढणे रोजंदारीवरच्या घराला जड जाते, हे खरे. पण बाराशेचा डबा पाच वर्षे, वर्षाचे तीनशे दिवस वापरला, तर रोजचा खर्च ऐंशी पैसे येतो. अडीचशेचा डबा दर वर्षी बदलला तर पाच वर्षांत साडेबाराशे जातात आणि अन्न तरीही कोमटच राहते. एका जुलाब-उलटीच्या आजारात बुडालेला दिवसाचा रोज, सलाइनचा खर्च आणि घरातल्यांची धावपळ यांचा हिशेब यात धरलेला नाही. टिकाऊपणाची खरी कसोटी मात्र चकाकी नसून सुटे भाग आहे. झाकण आणि सिलिकॉनची कडी वेगळी विकत मिळते का, हे दुकानातच विचारावे. कडी मिळत नसेल तर पाच वर्षांचा डबा दीड वर्षातच भंगारात जातो.

तरीही सगळा भार कामगाराच्या खिशावर टाकणे योग्य नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात पिण्याच्या पाण्यासह जेवणाची खोली, आणि अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उपाहारगृह व उन्हाळ्यात थंड पाणी, असे घालून दिले होते. नव्या कामगार संहितेतही विश्रांती आणि भोजनाच्या जागेची तरतूद आहे. या खोलीत एक फ्रिज आणि अन्न वाफाळेपर्यंत गरम करता येईल असे साधन ठेवायला कारखान्याला किती खर्च येतो? डबा सकाळी आल्याबरोबर फ्रिजमध्ये गेला आणि दुपारी आतपर्यंत ७० अंशांच्या वर तापला, तर साधा स्टीलचा डबाही पुरतो. अशी सोय नसते तेव्हा कामगार डबा यंत्राच्या गरम अंगावर किंवा वाफेच्या नळीजवळ ठेवतात. तिथे अन्न पुन्हा कोमटच होते, शिवाय रसायनांची धूळ आणि वाफ त्यावर बसते ती वेगळीच. कंत्राटी कामगाराला तर पुष्कळदा जेवणाच्या खोलीचे दारही अनोळखी असते. सुरक्षा सप्ताहात हेल्मेट आणि हातमोज्यांच्या शेजारी डब्याचा विषयही यायला हवा.

डबा घेऊनही कधी पोट बिघडलेच, तर घाबरून जाऊ नये. बहुतेक उलट्या-जुलाब दिवसाभरात आटोक्यात येतात. ओआरएस घोट-घोट द्यावे, पातळ पेज द्यावी, मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, गुंगी येणे, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री वा वृद्ध असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठायला उशीर करू नये.

डब्याची निवड ही तशी छोटी गोष्ट, पण ती रोज पोटात जाते. दुकानदाराने ‘गरम राहतो’ म्हटले, की ‘किती वाजेपर्यंत, आणि किती अंश?’ असा उलट प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायला शिकले पाहिजे. आणि कारखान्याच्या फाटकात शिरताना ‘डबा कुठे ठेवू, कुठे तापवू?’ हा प्रश्न विचारणे कामगाराला अवघड वाटता कामा नये.